कमळखेड्याची वेस आणि माझी भावजय

पेपरात भावजयीचा फोटो आला आणि मी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी जायचं ठरवलं. प्रवासाची कारणं लोक किती छान छान सांगतात. माझं कारण हे एवढंच होतं. ते लपवण्यात अर्थ नाही, पुढचं सगळं त्यावरच आहे.

गोष्ट नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची. आमचं बिऱ्हाड जळगावात, यांची नोकरी डाळ मिलमध्ये. सकाळी चहा घेता घेता हे म्हणाले, "अगं, तुझ्या गावचा इतिहास म्हणे शालूवहिनींनी जपलाय. फोटो आलाय बघ."

"जपू दे."

"तुला माहीत होतं?"

"मला कसं माहीत असणार? मी तर फक्त जन्मले तिथे."

यांनी पेपर खाली ठेवला आणि नाकाने जोरात वास घेतला. "दूध उतू गेलं का? काहीतरी जळल्यासारखं वाटतंय."

जळतच होतं. कमळखेडे माझं गाव. शिंदखेड्याच्या पुढचा हा जुना कसबा. त्याची वेस, बारव, रंगाऱ्यांची गल्ली यांत मी वाढले. आणि शालूवहिनी साक्रीकडची. लग्न होऊन आली तेव्हा तिला बारवेचा रस्ता मी दाखवला होता! आता ती वेशीला टेकून फोटो काढून घेते, आणि खाली छापून येतं, 'कमळखेड्याच्या इतिहासाची राखणदार'.

वेस म्हणजे गावाचा पश्चिमेचा दगडी दरवाजा. तो पाडायचं घाटत होतं, कारण कपाशीचे ट्रक त्यात अडकायचे. आखाजीच्या दुसऱ्या दिवशी ग्रामसभेत निर्णय होणार होता आणि आदल्या आठवड्यात वहिनीचं धुळ्याला व्याख्यान होतं. पेपरात हेही होतं. मी यांना म्हटलं, आधी धुळ्याला जाते, मग तिच्याबरोबरच पुढे. 

आता वाटेचं सांगते. तेव्हा जळगावहून धुळ्याला जायला लाल डबा हाच उपाय. एरंडोल, पारोळा करत गाडी दुपारच्या आत पोचायची. अक्षय्य तृतीयेच्या आसपास खान्देशात प्रवास करायचा तर पहाटेचीच गाडी धरा, सावलीच्या बाजूची खिडकी धरा आणि डोक्याला ओला रुमाल बांधायची लाज धरू नका. पारोळ्याच्या स्टँडवर गरम भजी मिळायची, तिखट मिरचीसकट. त्या उन्हात भजी खाणारे आम्हीच. उन्हाचं आम्हाला नवल नसतं, पाहुण्यांना असतं. आता रस्ता चौपदरी झालाय, वेळ निम्म्यावर आलाय आणि भजी बंद झालीत.

व्याख्यान एका वाचनालयाच्या सभागृहात होतं. मी मुद्दाम शेवटच्या रांगेत बसले. मनात म्हटलं, साक्रीची बाई काय सांगणार आमच्या गावाबद्दल, बघू तर खरं.

तिने आबांची गोष्ट सांगितली.

आबा म्हणजे माझे वडील. ही गोष्ट ते मला खांद्यावर बसवून वेशीखालून जाताना सांगायचे. पूर्वी दिवेलागणीला वेस बंद व्हायची. एकदा वऱ्हाड वाटेत खोळंबलं, पोचलं तर दरवाजा बंद, आणि किल्ली ज्याच्याकडे तो पहारेकरी मुलाच्या बारशाला परगावी गेलेला. मुहूर्त टळू नये म्हणून नवरदेव बाहेर, नवरी आत, अंतरपाटाच्या जागी दरवाजा, असं लग्न लागलं. हार दरवाज्याच्या वरच्या फटीतून फेकले. नवरीचा हार म्हणे व्याह्याच्या गळ्यात पडला.

सभागृह खळखळून हसलं. वहिनी गोष्ट फार छान सांगत होती. 'बरं का' म्हणून आबा जिथे थांबायचे, तिथेच ती थांबत होती. आबांची ती थांबायची जागासुद्धा तिने घेतली होती. 

पुढे ती म्हणाली, "गावात राहणाऱ्यांना गाव बदललेलं कळत नाही, कारण ते रोज बघतात. सासरी गेलेल्या लेकीच्या डोळ्यांत मात्र ते ती निघाली त्या दिवसाचंच राहतं. म्हणून आखाजीला लेकी माहेरी आल्या की मी त्यांना घेऊन गावभर फिरते आणि विचारते, इथे काय होतं, तिथे काय होतं. मोडलेली बारव आम्ही तशीच पुन्हा बांधली, लेकींच्या आठवणीवरून."

बोलताना ती उजवा हात हवेत फिरवायची. तिची करंगळी लहानपणी झाडावरून पडल्यापासून वाकडी आहे, त्यामुळे हात नेहमी काहीतरी चिमटीत धरल्यासारखा दिसतो. लोक त्या हाताकडे बघत राहिले होते.

एका गृहस्थांनी विचारलं, "आपण मूळच्या तिथल्याच का?"

"नाही, साक्रीची. पण गाव माझंच."

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, चारचौघांत बसले होते.

बाहेर ती धावत आली. "ताई! तुम्ही? मला वाटलंच नव्हतं!" तिने मला घट्ट धरलं. मनापासूनच धरलं, आणि त्याचाच मला जास्त राग आला. मी म्हटलं, "सगळ्या लेकींना विचारतेस, मला कधी नाही विचारलंस?"

"तुम्ही आखाजीला आलातच कुठे, ताई, इतक्या वर्षांत?"

मी पिशवी उचलली. त्या रात्री तिच्या मावसबहिणीकडे आमचा मुक्काम होता. शेवभाजी, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, कांदा. शेवभाजी धुळ्याला खावी ती कुणाच्या तरी घरीच. मी रागाच्या भरात तीन भाकऱ्या खाल्ल्या.

सकाळी धुळ्याहून चिमठाण्याच्या वाटेची एसटी घेतली. सोनगीरला गाडी थांबते तिथे तांब्या-पितळेची दुकानं आहेत. ठोक्यांचा आवाज गाडीतच ऐकू येतो. आंघोळीच्या पाण्याची घंगाळं, प्यायच्या पाण्याचे गडवे घ्यायचे तर इथून घ्या, शहरात ते दीडपट किमतीला मिळतात. मी एक गडवा घेतला. वहिनी उतरली तसा दुकानदार गादीवरून उठला, "या वहिनी, चहा मागवू का?" मला त्याने गडव्याची किंमत सांगितली.

फाट्यावर काळी-पिवळी जीप उभी होती. ड्रायव्हरने वहिनीला पुढची जागा दिली आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "ह्या पाव्हन्या का?"

"पाहुणी कशाची, अरे," वहिनी हसली, "आबांची मंदा ही. गावची लेक."

"हा का? मंग मी वळख्या नही."

माझ्याच गावात माझी ओळख साक्रीची बाई करून देत होती. बाकीचा रस्ता मी जीपच्या मागे उडणारा धुरळा बघत काढला.

आणि मग वेस आली. ती पाहून क्षणभर मी मत्सरसुद्धा विसरले. लहानपणी काळीकुट्ट, तेलकट, वटवाघळांच्या वासाची ती कमान आता उजळून निघाली होती. वहिनीने दोन उन्हाळे चिंचेचं पाणी, राख आणि नारळाची शेंडी घेऊन आतला प्रत्येक दगड घासला होता, गेल्या उन्हाळ्यात वरची कमान आणि यंदा खालच्या भिंती. काजळीखालून कमळांची एक अखंड रांग निघाली होती. कमळखेड्याला कमळखेडे का म्हणतात, हे आम्हा गावच्या लोकांना कधी विचारावंसंही वाटलं नव्हतं. तिला वाटलं.

"धुळ्याचे संशोधक येऊन बघून गेले. म्हणाले, हे काम जुनं आहे, जपा," ती सांगत होती.

मी ऐकत नव्हते. मी आतल्या बाजूला, उजव्या हाताच्या भिंतीशी, खांद्याच्या उंचीवर हात ठेवला होता. तिथे स्वच्छ, कोरडा, गार दगड होता. माझा हात तिथे नव्हता.

हे समजावून सांगायला हवं. आमच्या गावाची लेक सासरी निघते तेव्हा वेशीच्या आत गाडी थांबते. नवरीची आत्या तेलाची वाटी धरते, नवरी तळवा तेलात बुडवून आतल्या दगडावर ठेवते आणि मग बाहेर पडते. बस एवढंच. गाणं नाही, मंत्र नाही. सुना या पाठवणीला येत नाहीत, त्या घराच्या उंबऱ्याशी थांबतात. नवरीची आईसुद्धा, कारण तीही सूनच. वेशीपर्यंत जातात त्या फक्त लेकी. पिढ्यान् पिढ्यांच्या हातांवर हात, तेलावर धूळ, धुळीवर दिव्याची काजळी. बाहेरच्याला तो निव्वळ मळ दिसणार. वहिनीला तो मळच दिसला. तिने गावाचा इतिहास जपता जपता आम्हा सगळ्या लेकींचे हात घासून काढले होते, आणि तिला त्याचा पत्ताच नव्हता.

मी तेव्हा काही बोलले नाही. समजूतदारपणा वगैरे नाही हो. हे मला चारचौघांत सांगायचं होतं. आखाजीच्या दुपारी सगळ्या लेकी वेशीजवळच्या लिंबाखाली जमतात, तिथे. मी वाक्यसुद्धा जुळवून ठेवलं.

घरी आबा ओट्यावर वाट बघत होते. मला जवळ घेतलं, डोक्यावर हात फिरवला आणि पहिलं वाक्य म्हणाले, "दखी का वेस? सूनबाईनी दगडले वाचा दिनी!" मी गडवा त्यांच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी तो सूनबाईकडे दिला.

आखाजीचा दिवस. या दिवशी खान्देशात असाल तर कुणाच्या तरी घरी जेवायला बसाच. हॉटेलात हे मिळत नाही. खापरावरची पुरणपोळी, परातीएवढी आणि रुमालासारखी मऊ, आमरस, कुरडया, सांजोऱ्या. खापर म्हणजे मातीचं मोठं, पालथं भांडं, त्यावर पोळी हातावर झेलत टाकावी लागते. वहिनी झेलत होती. मला ते कधी जमलं नाही. मी आंबे पिळले.

दुपारी झोके बांधले गेले, लेकी जमल्या. शिरपूरच्या, दोंडाईच्याच्या, एक तर पार सुरतेहून आलेली. सगळ्यांत वडील जमनाअक्का, आबांची चुलतबहीण, काठी टेकत आल्या. वहिनी मधे उभी राहून सांगत होती, "उद्या सभेला तुम्ही सगळ्या या. पुरुष म्हणतील, दगडं आहेत, पाडा. तुम्ही सांगा, ही वेस कोणाची आहे."

मी घसा साफ केला. माझी वेळ आली होती.

तेवढ्यात जमनाअक्का उठल्या, वेशीत गेल्या, भिंत चाचपली आणि ओरडल्या, "अय माय वं! आमना हात कोठे ग्यात?"

गेलं माझं वाक्य!

सगळ्या धावल्या. जी ती आपल्या जागेवर तळवा ठेवून बघत होती. "मना आठे व्हता!" "माय, मनी मायना आठेच व्हता, तेवर मी ठेया व्हता!" सरपंचांची लेक संगीता, गेल्याच वर्षी लग्न झालेली, दगडाला कपाळ लावून रडायला लागली. "कोनी पुशी टाकात हात?"

वहिनीला कुणीतरी सांगितलं. तिचा चेहरा उतरला. ती कमानीच्या पायरीवर बसली आणि म्हणाली, "मला कुणी सांगितलं का नाही? इतकी वर्षं मी सगळ्यांना सगळं विचारते आहे."

"सूनले काबर सांगतीन?" जमनाअक्का म्हणाल्या. "सून काय गाव सोडीसन जास का?"

मग सुरतेची लेक चिडून बोलली, "मंग पाडू द्या ना उद्या! आमनं काय ऱ्हायनं आठे आते?" आणि दोघी-तिघींनी माना हलवल्या.

मला आनंद झाला. खरं सांगते, इतका झाला की गालात हसू मावेना. पेपरातली राखणदार पायरीवर बसलेली आणि गावच्या लेकी तिच्याकडे पाठ करून उभ्या. हेच तर बघायला मी जळगावहून आले होते.

पण बायका खरंच निघायला लागल्या. उद्या सभेला यातली एकही येणार नव्हती. आबा मला खांद्यावर घेऊन ज्या कमानीखालून जायचे, ती उद्या ठेकेदाराच्या हातात जाणार होती. वहिनी हरली तर वेसही जाणार. माझ्या सुखात ही फारच वाईट खोट निघाली. दोन्हींतलं एक घ्यायचं होतं.

मी मोठ्याने म्हटलं, "हात पुसले गेले ना? मग पुन्हा ठेवू. सगळ्या इथेच आहोत. आणि नुसतं तेल नको, हळद घाला त्यात. उद्या सभेत येणाऱ्याला लांबून दिसू दे."

 जमनाअक्कांनी काठी आपटली. "हळद लया वं!"

हळद घरातून वहिनीनेच आणली. वाटी धरायचा मान आत्याचा, पण अक्कांना उभं राहवेना. त्यांनी वाटी वहिनीच्या हातात दिली. सून म्हणून उंबऱ्याशी थांबणारी बाई लेकींची वाटी धरून वेशीत उभी, हे त्या दगडांनीही पहिल्यांदाच पाहिलं असेल. आम्ही एकेक करून हात ठेवले. संगीताने ठेवला. मी माझ्या जागी ठेवला, जरा जोर देऊनच.

शेवटी वहिनीने हळूच विचारलं, "ताई, मी ठेवू?"

"नाही," मी म्हटलं. "आतली बाजू लेकींची."

"बरं," ती म्हणाली आणि वाटी पुसायला घेतली.

दुसऱ्या दिवशी सभा चावडीवर भरायची होती, पण बायका वेशीतच बसल्या म्हणून पुरुषांना तिथे यावं लागलं. सरपंच नाना वाद घालायच्या तयारीनेच आले होते. "जुनं शे ते ठीक शे. पन ट्रक अडकस त्यानं काय? जुनं शे म्हनीसन काय डोकावर लेवानं का?" बोलता बोलता त्यांनी भिंतीकडे हात केला आणि त्यांना हात दिसले. भिंतभर पिवळे, ओले, तेलाने चकाकणारे.

"हाऊ कोना हात शे?" त्यांनी सगळ्यांत लहान तळव्याकडे बघून विचारलं.

"मना शे, नाना," संगीता म्हणाली.

नाना त्या तळव्याजवळ गेले. मग टोपी काढून डोकं खाजवत म्हणाले, "नालाना बाजूथीन रस्ता काढता येई का, दखूत." विषय तिथेच संपला. नवा रस्ता पुढे नाल्याच्या बाजूनेच झाला. कमळखेड्याला गेलात तर जीप तिथून जाते. पण तुम्ही फाट्यावर उतरून पायी वेशीतूनच जा.

मी परत निघाले ती शिंदखेड्याहून, पॅसेंजरने. अमळनेर, धरणगाव करत गाडी थेट जळगावला नेते, एसटीपेक्षा सावकाश पण कमी धुळीची. सकाळी वहिनी वेशीपर्यंत पोचवायला आली, हातात सांजोऱ्यांची पिशवी. मी वेशीतून बाहेर पडले आणि सवयीने मागे वळून पाहिलं.

बाहेरच्या बाजूला, जिथून नव्या नवऱ्या गावात येतात तिथे, एकच पिवळा हात होता. करंगळी वाकडी.

मी वहिनीकडे पाहिलं. तिने पिशवी माझ्या हातात दिली. "आतली बाजू लेकींची म्हणालात, ताई. बाहेरची कुणाची, ते नव्हतं सांगितलं."

 मी जीपमध्ये बसले.

पंधरवड्यात पेपर आला. फोटोत वहिनी, मागे आमचे सगळ्यांचे हात. बातमी अशी की, 'इतिहासप्रेमी गृहिणीने लेकींच्या परंपरेला नवसंजीवनी दिली'. हळद कुणाला सुचली याचा उल्लेख नव्हता. पुढे कळलं की वहिनीने बातमीदाराला माझं नाव सांगितलं होतं, त्यानेच गाळलं. हे कळल्यावर तर मला तिच्यावर धड रागावताही येईना. यांनी पेपर वाचून पुन्हा नाकाने वास घेतला.

इतक्या वर्षांनी काय उरलं, तर वेस उरली. आता आमच्याकडची लग्नं धुळ्याच्या, शिंदखेड्याच्या कार्यालयांत लागतात. लेकी तिथूनच फुलांनी सजवलेल्या गाडीतून परस्पर सासरी जातात, वेशीतून जायचं कारणच उरलेलं नाही. आतल्या बाजूचे हात फिके होत चाललेत. सुना मात्र गावातच येतात. वहिनीने एक ठेवला, मग पुढच्या वर्षी शेजारच्या सुनेने, मग तिच्या जावेने. आता प्रत्येक नवी सून वेशीत शिरण्याआधी बाहेर हात ठेवते, आणि पाहुण्यांना सांगितलं जातं की आमच्याकडे ही फार जुनी पद्धत आहे. वहिनी ते ऐकून गप्प बसते. तिला माहीत आहे ती केव्हाची आहे, आणि मलाही.

बाहेरची भिंत आता आतल्यापेक्षा पिवळी आहे. दरवर्षी आखाजीला गेले की मी आधी तीच बघते, आणि मला अजूनही तितकंच झोंबतं. म्हणून मी माझा हात दरवर्षी पुन्हा गिरवते, आतल्या बाजूला, जोर देऊन. जमनाअक्का आता नाहीत. वाटी वहिनी धरते.